पहिल्या नंबरचा वाटा

"पहिला नंबर जो स्वतःकडे ठेवतो ना, तो येडा! शुद्ध येडा!"

महादेव चोगलेने हे वाक्य सुक्या बोंबलाचं कालवण भातावर ओढत टाकलं, आणि नेमकं त्याच क्षणी डोक्यावरून एक विमान उतरायला गेलं. आखातातल्या मुहर्रकच्या त्या गल्लीवरून विमानं इतकी खालून जायची की ताटातलं कालवण थरथरायचं. महादेवला वाटलं, आकाशानेच आपल्या म्हणण्याला मान डोलावली!

महादेव विमानतळावर सामानाच्या गाड्या ओढणारा ट्रॅक्टर चालवायचा. माणूस कामाला वाघ, पण त्याला जागेपणी स्वप्नं पडायची. बोलता बोलता, जेवता जेवता, स्टिअरिंग धरल्या धरल्या! एकदा कोचीच्या सामानाची आगगाडी घेऊन तो लंडनच्या विमानापाशी जाऊन उभा राहिला होता. सामान वेळेत परत फिरलं, पण महादेव तेवढ्यात लंडन बघून आला होता.

नोकरीशिवाय त्याला दुसरं एक वेड होतं. शुक्रवार लीग! अरादच्या किल्ल्याजवळ समुद्राच्या अंगाला एक उघडं कोर्ट होतं. तिथे सहा संघ दर हिवाळ्यात बास्केटबॉल खेळायचे. कोणी नर्स, कोणी ड्रायव्हर, कोणी दुकानातला कारकून. कोर्टवर पाचांत दोन मुली हव्यातच, हा नियम. त्यातल्या 'दर्यावर्दी' नावाच्या संघाचा महादेव मॅनेजर होता. गेल्या वर्षी दर्यावर्दी सगळ्यांत खाली होते. त्याआधीच्या वर्षीही होते. त्याआधीचं कोणी विचारत नसे.

आता लीगमध्ये नवा खेळाडू आला की तो कुणाचा भाऊ, कुणाची लेक हे बघायचं नाही. सगळे नवे एका ठिकाणी उभे करायचे आणि संघांनी पाळीपाळीने एकेक उचलायचा. जो संघ तळाला, त्याची पाळी पहिली. मात्र निवड सुरू व्हायच्या आधी कोणी कोणाशी आपला नंबर बदलून घेतला तर चालायचं. वर काही मागितलं तरी चालायचं.

आणि या वर्षी त्या नव्यांत महादेवची स्वतःची लेक होती. भक्ती.

पुण्याला फिजिओथेरपी शिकून ती उन्हाळ्यात परत आली होती आणि इथल्याच एका इस्पितळात लागली होती. येत्या उन्हाळ्यात महादेवची नोकरी संपणार, व्हिसा संपणार, आणि तो बायकोला, रत्नाबाईला घेऊन कायमचा हर्णैला जाणार. भक्ती इथेच राहणार. म्हणजे बाप मॅनेजर आणि लेक खेळाडू, असे दोघं एका बाकावर बसायचे तर हाच एक हिवाळा!

हे स्वप्न महादेव भक्ती सात वर्षांची असल्यापासून बघत होता. तेव्हा त्याने माशाच्या जुन्या टोपलीचं बूड कापून ती गल्लीतल्या भिंतीला ठोकली होती. पोरगी टाचा उंचावून चेंडू टाकायची आणि टोपलीतून चेंडू खाली पडला की दोघंही असे ओरडायचे, जणू जाळ्यात पापलेटांचा थवाच सापडला!

"मग घे ना पहिल्या नंबरला मला," भक्ती म्हणाली. "सिंपल!"

"अगो, पहिल्या नंबरला पाच फूट दोन इंच? लोक हसतील!" महादेव म्हणाला. "तुला कोण घेणार आहे दुसरं? पहिला नंबर देऊन टाकायचा, बदल्यात चांगलं काहीतरी उकळायचं, खाली खाली सरकत जायचं, आणि सगळ्यांत शेवटी तुला अलगद उचलायचं. दर्यावर्दींना तू पण मिळशील, वर मालपण!"

"म्हणजे मी लास्ट पिक."

"शेवटचा नाही गो, सुरक्षित!"

"अहो, पोरीच्या तोंडावर काय बोलताय!" रत्नाबाईने डाव आपटला.

"हे डावपेच आहेत, रत्ना. हर्णैच्या बंदरावर शिकलेले."

आणि त्याने बंदरावरची रीत सांगितली. संध्याकाळी वाळूवर मासळीचे वाटे लागतात, लिलाव पुकारला जातो. ज्याला जो वाटा हवा असतो तो त्याच्याकडे बघून नाक मुरडतो. 'शी! नरम पडलीय. कालची दिसते.' असं म्हणत म्हणत, भाव पाडून, तोच वाटा घेऊन जातो! महादेवची आत्या तर हव्या असलेल्या सुरमईकडे बघून असं तोंड करायची की सुरमईलाच लाज वाटावी.

"म्हणजे तू माझ्याकडे बघून नाक मुरडणार?" भक्तीने विचारलं.

"थोडंसं."

"सगळ्यांसमोर?"

"अगो, तूपण जरा मदत कर. शुक्रवारी सगळ्यांसमोर खेळून दाखवायचंय ना, तेव्हा मुद्दाम चुकव."

भक्तीने बराच वेळ ताटात बोट फिरवलं. मग म्हणाली, "ओके. पण शेवटी तू मला घेणार. प्रॉमिस?"

"दर्याची शप्पथ!"

शुक्रवारी महादेवने कामगिरी बजावली ती अशी की आत्या बघायला हवी होती. तो एकेका मॅनेजरच्या शेजारी जाऊन उभा राहायचा, भक्तीकडे बघायचा आणि नाकाचा असा काही आकडा करायचा की समोरच्याला वाटावं, जवळपास गटार फुटलंय.

"माझीच पोरगी आहे म्हणून सांगतो. गुडघा कमजोर."

"लांबचं दिसत नाही हो तिला."

"जवळचं पण नाही!"

"दमा होता लहानपणी. अजून असेल."

भक्तीने पाच चेंडू टाकले, पाचही चुकवले. बापाला दिलेला शब्द पाळला. महादेव खूश!

पण बाजूला गनी उभा होता. गनी मुहर्रकच्या बाजारात बोटीच्या सामानाच्या दुकानात कारकून, आणि अमवाज आयलंड्सवाल्यांच्या संघाचा मॅनेजर. रत्नागिरीचा, मिरकरवाड्याचा. महादेवची आणि त्याची दोस्ती दोघांच्या डोक्यावर केस होते तेव्हापासूनची. गनीने ते पाच चेंडू बघितले. पाचही चेंडू रिंगच्या एकाच जागेवर आपटून एकाच बाजूला उडाले होते. गनी दाढी खाजवत फक्त म्हणाला, "बिचारी."

"बिचारीच रे," महादेवने नाकाचा आकडा आणखी वाकडा केला. "तुझा पोरगा इमाद कसा आहे? तोही यंदा नव्यांत आहे ना?"

"इमाद?" गनीचे डोळे चमकले. "अरे म्हादेवा, हिरा आहे हिरा! सहा फूट एक! हात वर केले की विमानाला लागतील. ज्याला मिळेल त्याचं नशीब!"

इमाद तेव्हा कोर्टच्या कडेला उभा राहून मोबाइल बघत होता. चेंडू त्याच्या पायाशी येऊन थांबला होता. दोघांची ओळख व्हायची होती.

निवडीच्या दिवशी सगळे कोर्टजवळच्या कॅफेटेरियाच्या माडीवर जमले. कडक चहा, समोसे, आणि माइक हातात घेतलेला लीगचा सेक्रेटरी सदानंद. सावंतवाडीचा माणूस, आवाज असा की माइकच बिचारा दचकायचा.

"नंबर बदलूचे असतील तर आत्ताच बदला! एकदा निवड सुरू झाली की खलास! मगे माझ्याकडे रडाक येव नको!"

महादेव खिडकीपाशी बसला. खिडकीतून किल्ला दिसत होता, त्याच्यामागे ओहोटीचं उथळ पाणी, आणि पाण्यावर ऊन असं पसरलेलं की समुद्राला कोणी तूप लावून ठेवलंय. स्वप्न पडायला याहून चांगली जागा नाही!

गनी खुर्ची ओढून आला. "म्हादेवा, तुझा पहिला मला दे. माझा तिसरा घे. वर शनिवारची मावळतीची सरावाची वेळ देतो."

महादेवच्या काळजात घंटा वाजली. दर्यावर्दींच्या वाट्याला सरावासाठी दुपारी दोनची वेळ होती, जेव्हा चेंडूलाही घाम फुटतो. आणि मावळतीची वेळ म्हणजे वारा, सावली, सोनं!

"दिला!"

मग मुनीरा आली. ही नर्स, पाचवी पाळी असलेल्या संघाची मॅनेजर. "अंकल, तीसरा मुझे दे दो. पाँचवाँ ले लो, ऊपर से ये पानी का बड़ा थर्मस." निळा थर्मास होता, लहान मूल आत बसेल एवढा. महादेवने तो ठोकून बघितला. दिला!

इथवर महादेव शुद्धीत होता. पण मग खिडकीतून वारा आला. ऊन किल्ल्याच्या बुरुजावरून घरंगळत खाली उतरलं, आणि महादेव निघाला! त्याला दिसलं, भरलेलं कोर्ट आहे. शेवटचा क्षण आहे. भक्ती चेंडू सोडतेय. चेंडू वर, वर, विमानाच्या पोटाखालून जातोय. रिंगच्या जागी तीच जुनी टोपली आहे. टोपलीतून पापलेटं पडतायत. आणि त्याच्या बाकाकडे भक्ती धावत येतेय, 'बाबाऽऽ!' स्वप्नात महादेवचं पोटसुद्धा सपाट होतं.

समोर काहीतरी चमकत होतं. सूर्य असावा, असं त्याला वाटलं. तो सूर्य म्हणजे नुमानच्या गळ्यातली पितळी शिट्टी होती. नुमान म्हणजे गेल्या वर्षीच्या विजेत्यांचा मॅनेजर, शेवटच्या, सहाव्या नंबरचा मालक.

"पाँचवाँ मुझे, छठा तुम्हें," नुमान गमतीने म्हणाला, "और ये सीटी भी तुम्हारी."

महादेवने स्वप्नात मान डोलावली. पापलेटांकडे बघून!

"महादेव, खलास?" सदानंद माइकवरून गरजला.

"खलास," महादेव गोड हसत म्हणाला.

जाग आली तेव्हा गळ्यात शिट्टी होती. महादेव क्षणभर चमकला. पण हिशेब तर बरोबर होता! सहावा नंबर, सगळ्यांत शेवट, भक्ती अलगद! त्याने लेकीला लांबून डोळा मारला.

"नंबर एक!" सदानंद ओरडला. "अमवाज! गनीभाई, बोला!"

गनी उठला. खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "भक्ती महादेव चोगले."

माडीवर अशी शांतता पसरली की खाली समोसा तळल्याचा आवाज वर आला.

महादेवला वाटलं, अजून स्वप्नच चालू आहे. त्याने स्वतःला चिमटा काढला. मग खात्री करायला शेजारच्याला काढला. शेजारचा ओरडला. जग जागं होतं!

"मी?" भक्ती म्हणाली. "फर्स्ट?"

"गनी! अरे बाबा, ती माझी आहे!" महादेव खुर्च्या पाडत धावला. "थर्मास घे! शिट्टी घे! मावळतीची वेळ परत घे! सहावा नंबर पण घे!"

"निवड सुरू झाली, खलास म्हणजे खलास!" सदानंद म्हणाला. "इथे काय भाजी बाजार आसा?"

"अरे, पण तिचा गुडघा..."

"म्हादेवा," गनी म्हणाला, "माझा बाप मिरकरवाड्याच्या बंदरावर लिलाव पुकारायचा. तू परवा पोरीकडे बघून नाक मुरडलंस ना, तेव्हाच मला कळलं. इतकं नाक तर कोणी महागड्या सरंग्याकडे बघूनसुद्धा मुरडत नाही! सांगितलं असतंस, 'गनी, पोरगी मला हवीय', तर हातसुद्धा लावला नसता. पण तू लिलाव मांडलास. मग मी बोली लावली."

महादेव मटकन बसला. पुढची नावं पुकारली जात होती, ती त्याच्या कानावरून विमानासारखी गेली. उंच गेले, रुंद गेले, पळणारे गेले.

"नंबर सहा! दर्यावर्दी! ह्यां एकच शिल्लक आसा, तेव्हा इचार करू नको. इमाद गनी!"

महादेवने सावकाश मान वळवली. गनी छताकडे बघत होता.

"तू तर हिरा म्हणत होतास!"

"म्हणूनच तर कोणी घेतला नाही," गनी म्हणाला. "बंदरावर मालाची तारीफ कोण करतो? ज्याला तो खपवायचा असतो तो! अरे, घरी रोज तेच तोंड बघतो मी. कोर्टवर तरी नको."

परतीच्या वाटेवर मिरवणूक अशी निघाली. पुढे भक्ती, ताडताड. मागे महादेव, खांद्यावर निळा थर्मास, गळ्यात शिट्टी. त्याच्या मागे इमाद, कानात इयरफोन, कारण सरावाची वेळ सांगायला नव्या मॅनेजरने त्याला सोबत घेतलं होतं आणि सांगायचं विसरला होता.

"भक्ती, थांब गो."

भक्ती थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ओठावर हसू. दोन्ही एकदम बघितल्यावर महादेवला काय धरावं कळेना.

"बाबा, तू मला थर्मासवर दिलंस," ती म्हणाली. "गनी अंकलनी मला पहिल्या नंबरला घेतलं. पहिल्या! शाळेत सुद्धा कोणी घेतलं नव्हतं."

महादेवने थर्मास खाली ठेवला. गळ्यातली शिट्टी चाचपत म्हणाला, "शनिवारची मावळतीची वेळ आता माझी आहे. येशील?"

"दुसऱ्या टीमच्या प्लेअरला प्रॅक्टिस देणार?"

"आमची पोरं शनिवारी कामावर असतात. कोर्ट रिकामंच राहणार. आणि कोर्ट माझं, मी कोणालाही आणीन!"

मग हिवाळाभर दर शनिवारी दोघं अरादच्या कोर्टवर. ऊन उतरू लागायचं, किल्ला मधासारखा व्हायचा, पाण्यातले बगळे एका पायावर उभे राहून सामना बघायचे. महादेव चेंडू द्यायचा आणि शिट्टी फुंकायचा. शिट्टी वाजली की भक्तीने विचार न करता चेंडू सोडायचा, अशी रीत ठरली. शिट्टी, चेंडू, जाळीचा 'सुर्र' आवाज. वरून विमान. तहान लागली की निळ्या थर्मासातलं गार पाणी. बांग झाली की घरी. महादेवला हे स्वप्न आहे की खरं, हे कळायचं नाही, आणि त्याला चौकशी करायची इच्छाही नव्हती.

आणि एका शुक्रवारी सामना लागला, दर्यावर्दी विरुद्ध अमवाज!

काय खेळले त्या दिवशी दर्यावर्दी! जीव तोडून! शेवटचा क्षण आला तेव्हा चक्क एका गुणाने पुढे होते. चेंडू भक्तीकडे. तिच्यासमोर इमाद दोन्ही हात पसरून उभा. हिवाळ्यात त्याने शिकलेली ही एकच गोष्ट, पण ती तो झकास करायचा. सहा फूट एक इंचाची भिंत! भक्तीला रिंग दिसेना. दर्यावर्दींचा विजय हातात आला होता.

महादेव बाकावर उभा राहिला. ऊन किल्ल्यावरून घरंगळत खाली उतरलं. वारा आला. लांबून विमान दिसलं. भक्तीने चेंडू दोन्ही हातांत धरून टाचा उंचावल्या, अगदी सात वर्षांची असताना उंचावायची तशा. आणि महादेव निघाला! त्याचा हात आपोआप गळ्याशी गेला.

फुर्ररर!

दर्यावर्दींचे पाचही गडी थांबले. त्यांना वाटलं, पंचांची शिट्टी! इमादने तर हात खाली घेऊन खिशातून मोबाइल काढला. थांबली नाही ती एकटी भक्ती. शिट्टी वाजली की सोडायचा! तिने सोडला.

चेंडू वर गेला. वर, वर, विमानाच्या पोटाखाली. आणि सुर्र!

"घातलाऽऽ!" महादेव बाकावर नाचला. "घातला गो माझ्या बायेनं! रत्ना, बघितलंस?"

रत्नाबाई समोरच्या पायरीवर कपाळाला हात लावून बसली होती. पंच गोंधळून सदानंदकडे बघत होते. सदानंदने माइक उचलला.

"शिट्टी दर्यावर्दींच्या बाकावरची! चूक त्यांची, बास्केट धरला! सामना अमवाजचो!" मग जरा थांबून म्हणाला, "दर्यावर्दींच्या मॅनेजरांनी नाचूचा थांबवावा. ते हरले आसत."

महादेव बाकावरून उतरला. आपल्या पाच गड्यांकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून तो थर्मासामागे लपला. थर्मास मोठा होता, ते बरं झालं.

तिथे भक्ती धावत आली. स्वप्नातल्यासारखीच, फक्त दुसऱ्या रंगाच्या बनियनमध्ये.

"बाबा! कशी खेळले?"

महादेवने तिच्याकडे बघितलं. त्याने तोंड फिरवलं आणि सवयीने नाकाचा मोठा आकडा केला.

"ठीकाय. गुडघा जरा कमजोर वाटला."

भक्ती मग मोठ्याने हसली आणि घामेजल्या अंगाने बापाच्या गळ्यात पडली. शिट्टी दोघांच्या मध्ये टोचत होती. कोणी काढली नाही.

गनी पाणी प्यायला आला. पेला भरता भरता त्याने हळूच विचारलं, "काय रे म्हादेवा, आणि आमचा इमाद कसा वाटला तुला?"

महादेवचे डोळे चमकले.

"इमाद? अरे गनी, हिरा आहे हिरा! लाखात एक! ज्याला मिळेल त्याचं नशीब..."

गनीने पेला खाली ठेवला. "बस्स," तो म्हणाला, "परत घेणार नाही."

आणि घाईघाईने चपला शोधू लागला.